मदत हवी आहे: बाबांचं बोलणं बंद झालंय, रिपोर्टमध्ये फ्रंटल लोब लिहिलंय, म्हणजे नक्की काय?

घोडबंदरकर:
बाबांना गेल्या महिन्यात स्ट्रोक आला, आता घरी आणलंय. कागदावर फ्रंटल लोब इन्फार्क्ट लिहिलंय, डॉक्टर मेंदूच्या पुढच्या भागाला मार बसलाय, वेळ लागेल एवढं बोलून पुढच्या बेडकडे गेले. बोलणं बंद आहे. काका म्हणतात त्यांना आता काही कळत नाही, सह्याबिह्या उरकून घ्या. मेंदूचा कुठला भाग काय करतो ते कोणी साध्या भाषेत सांगेल का? लवकर सांगा, आणि गूगल कर म्हणू नका, करून झालंय.

मीरा_वाशी:
इन्फार्क्ट म्हणजे रक्त न पोचल्याने तेवढा भाग निकामी झाला. डावी बाजू की उजवी? आणि बोलणं बंद म्हणजे आवाजच फुटत नाही, बोबडं बोलतात, की शब्द सापडत नाहीत? तिन्ही वेगळं असतं.

सानपाड्याचा_अण्णा:
नाकात रोज गाईच्या तुपाचे दोन थेंब. माझे मेव्हणे उठून चालायला लागले.

घोडबंदरकर:
डावी. उजवा हात लुळा आहे म्हणजे डावीच ना. चहा पाहिजे असला की च च करतात आणि चिडतात. पण शिवी एकदम स्वच्छ देतात!! आणि संध्याकाळी आरती लागली की अख्खी म्हणतात, म्हणून तर आई म्हणते नाटक करतायत.

मीरा_वाशी:
अहो हे आधी सांगायचं ना. नाटक नाहीये. बहुतेकांची भाषा डाव्या बाजूला असते. फ्रंटल लोबमध्ये खालच्या अंगाला ब्रोका एरिया, तिथे शब्द जुळवून बाहेर काढायचं काम चालतं. पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने 1861 मध्ये पॅरिसला एक पेशंट पाहिला, त्याला समजायचं बरंच पण तोंडातून फक्त टॅन निघायचं. मेल्यावर मेंदू तपासला तर हाच भाग गेलेला. शिव्या, आरती, एक दोन तीन हे तोंडात बसलेलं असतं, त्यात उजव्या बाजूचीही मदत होते म्हणून ते येतं. माझ्या सासूबाईंचं हेच होतं. बाबांना समजतं का ते सांगा.

घोडबंदरकर:
सगळं समजतं. जांभळी नाक्याला कुठल्या गाळ्यावर काय मिळतं ते अजून डाव्या हाताने दाखवतात.

फिरस्ता_ऐरोली:
डावा मेंदू लॉजिकचा, उजवा कलेचा. चित्रं काढायला द्या, उजवा ॲक्टिव्ह होईल. तसंही आपण मेंदू दहाच टक्के वापरतो.

फिजिओ_कोपरी:
डावा लॉजिकचा, उजवा कलेचा असं काही नसतं हो, आणि दहा टक्के वगैरेही नाही, वजनाने शरीराच्या 2 टक्के असलेला अवयव 20 टक्के एनर्जी खातो, ती काय रिकामा बसून? घोडबंदरकर, ढोबळ असं धरा: पुढे फ्रंटल, म्हणजे ठरवणं, बोलणं, आणि त्याच्या मागच्या कडेला हातपाय हलवायची पट्टी, डावीकडची उजवं अंग हलवते, म्हणून उजवा हातही गेला. त्याच्या मागे पराइटल, स्पर्श आणि जागेचा अंदाज. कानाच्या बाजूला टेम्पोरल, ऐकणं, आठवण, आणि डावीकडे समजण्याचा वर्निके एरिया. अगदी मागे ऑक्सिपिटल, दिसणं. खाली लहान मेंदू तोल सांभाळतो, ब्रेनस्टेम श्वास आणि ठोके. वर्निके गेला असता तर बाबा भराभर बोलले असते पण बोलण्याला अर्थ नसता, आणि दुसऱ्याचं बोलणंही त्यांना नीट कळलं नसतं. बाबांना कळतं, काकांना एवढंच सांगा. आणि तूप नाकात घालू नका, गिळायला त्रास होत असेल तर ठसका लागेल.

सानपाड्याचा_अण्णा:
तुम्हाला आयुर्वेदाची ॲलर्जी दिसते.

पेन्शनर_पाचपाखाडी:
सह्यांवरून आठवलं, पेन्शन असेल तर हयातीचा दाखला नोव्हेंबरात लागतो, आता मोबाइलवर चेहरा दाखवून होतो, बँकेत नेऊ नका.

घोडबंदरकर:
पेन्शनचं नंतर बघू. आता करायचं काय?

मीरा_वाशी:
स्पीच थेरपी, आणि लवकर. बांद्र्याला अली यावर जंग ही ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची सरकारी संस्था आहे, तिथे चौकशी करा. सुरात बोलायला लावून शब्द काढायची एक पद्धत आहे, आरती येते म्हणजे ती त्यांना जमेल का ते थेरपिस्टला विचारा. घरी हो-नाहीवर उत्तर देता येईल असं विचारा आणि वाक्य त्यांच्या तोंडातून ओढून पूर्ण करू नका. पुन्हा तोंड वाकडं झालं किंवा हात आणखी पडला तर लगेच हॉस्पिटल, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.

फिरस्ता_ऐरोली:
बांद्र्याला लोकलने नेऊ नका, दादरचा ब्रिज चढवणार कसा? गाडी करा.

घोडबंदरकर:
थँक्स. उद्याच फोन लावतो. काकांना हा धागा पाठवलाय.

आई_ऑफ_टू_खारघर:
आठवण टेम्पोरल लोबमध्ये असते ना, मग मुलाचा तो भाग दहावीपर्यंत वाढवायला काय खायला द्यावं?

फिजिओ_कोपरी:
ताई, नवीन धागा काढा.