मोदकच्या फटी

मोदक या जाडजूड देवनागरी फाँटबद्दल (म्हणजे संगणकावरच्या अक्षरवळणाबद्दल) ‘मोदक म्हणजे संगणकावर फुगवलेली अक्षरं, त्यात हाताचं काम कुठलं’ असं एक मत वाचलं, ते पटलं नाही. ‘एक टाइप’ (Ek Type) या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा हा फाँट सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांचा. सुरुवात हाताने रेखाटलेल्या अक्षरांपासून झाली, संगणक नंतर आला. शिवाय नुसतं फुगवून देवनागरी जमतच नाही. जोडाक्षरं, मात्रा, रफार सगळं तेवढ्याच जाडीत कोंबायचं म्हणजे अक्षराच्या पोटात जागाच उरत नाही. तिथे त्यांनी केसाएवढी फट सोडली आहे, आणि अक्षर वाचता येतं ते त्या फटीच्या जोरावर.

म्हणून वापरताना जपा. आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या टी-शर्टवर खिशाजवळ बारीक आकारात मोदक घेतला होता. स्क्रीन प्रिंटिंगच्या शाईने फटी बुजल्या आणि ‘उत्सव’चा गोळा झाला. पाठीवर तोच शब्द वीतभर उंच होता, तिथे झकास दिसला. दुसरी खोड म्हणजे अक्षराला थेट जाड स्ट्रोक, म्हणजे कडेची रेघ, देणं. तो आतल्या बाजूलाही चढतो आणि फटी गिळतो. खाली अक्षरांची वेगळी प्रत ठेवून स्ट्रोक तिलाच द्यावा. (फ्लेक्सवाल्यांना हे सांगून सांगून थकलो.) फाँट गूगल फाँट्सवर मोफत आहे, धंद्याच्या कामालाही चालतो. पण वजन (म्हणजे अक्षराची जाडी) एकच, त्यामुळे पत्ता-वेळ लिहायला एक टाइपचाच बालू २ हा फाँट घ्या, त्यात पाच वजनं मिळतात.