'लष्कराची कमान' की 'लष्कराची सूत्रे'?

प्रश्न : ३१ डिसेंबर २०१९ रोजी पुण्याचे मनोज नरवणे लष्करप्रमुख झाले आणि ३० एप्रिल २०२२ रोजी निवृत्त होताना त्यांनी ते पद नागपूरच्या मनोज पांडे यांच्याकडे सोपवले. अशा प्रसंगी 'कमान सांभाळली', 'पदभार स्वीकारला', 'सूत्रे हाती घेतली', 'धुरा वाहिली' असे नाना प्रयोग वाचायला मिळतात. त्यांतला नेमका कोणता?

उत्तर : 'कमान' आधी बाजूला ठेवावी. हिंदीत या अर्थाची 'कमान' इंग्रजी 'कमांड'वरून घडली आहे. मराठीत मात्र कमान म्हटली की फारसीतले धनुष्य आणि त्यावरून वाड्याची, पुलाची नाहीतर गावच्या वेशीवरची कमान डोळ्यांपुढे येते. 'दक्षिणी कमान' अशी पाटी वाचून एखादा नवखा पुण्यात वेस शोधत हिंडेल. पुणेकर १८९५ साली स्थापन झालेल्या लष्कराच्या त्या दक्षिण विभागीय मुख्यालयाला सरळ 'सदर्न कमांड' म्हणतात, आणि तेच बरे.

'पदभार' निर्दोष आहे, पण तो तहसीलदारही स्वीकारतो. 'खांदेपालट' चित्र म्हणून सुंदर (पालखी तीच, भोई बदलला), परंतु वर्तमानपत्रांनी तो घाऊक बदल्यांना वाहून टाकला आहे. 'सत्तांतर' तर सैन्याच्या बाबतीत चुकूनही लिहू नये. माझा कौल 'सूत्रे' या शब्दाला आहे, कारण एकाने सोडायची आणि त्याच क्षणी दुसऱ्याने धरायची, हा या समारंभाचा गाभा त्यात आपसूक येतो. शब्द अनेकवचनीच ठेवावा. 'सूत्र हाती घेतले' म्हटले की गणिताचा तास आठवतो.

मराठेशाहीत हाच क्षण 'वस्त्रे' या शब्दाने सांगितला जाई. १७ एप्रिल १७२० रोजी शाहू महाराजांनी बाजीरावांना पेशवाईची वस्त्रे दिली, म्हणजे अधिकार डोळ्यांना दिसेल असा दिला. अलीकडे ते काम बॅटन, म्हणजे अधिकाराची खूण असलेली आखूड काठी, करते, आणि त्याला मराठी शब्द सापडत नाही : 'छडी' मास्तरांची, 'दंड' पावती फाडून भरायचा, 'राजदंड' विधानसभेत पळवला जाणारा. नौदलाने २०२३ साली अधिकाऱ्यांनी बॅटन बाळगण्याची पद्धत वसाहतकालीन म्हणून बंद केली आणि ते कार्यालयातच ठेवून तिथेच सोपवावे असे ठरवले. वापरच असा आक्रसत असताना हा शोध थांबवून 'बॅटन'च लिहावे.

पुरवणी : आम्हा वैदर्भीयांना 'धुरा' म्हणजे शेताचा बांध, त्यामुळे नागपूरच्या माणसाने लष्कराची धुरा घेतली हे वाचून आमच्याकडे जमिनीच्या मोजणीचा विषय निघू शकतो. तरीही या शब्दाची बाजू मांडावीशी वाटते, कारण मूळ अर्थ गाडीचे जू, आणि लष्करात ते एकदा खरोखरच दिसते. वरिष्ठ अधिकारी बदलून किंवा निवृत्त होऊन निघाला की त्याची जीप चालू न करता तिला दोरखंड बांधून सहकाऱ्यांनी फाटकापर्यंत ओढत नेण्याचा जुना प्रघात आहे. इतकी वर्षे धुरा वाहिलेला माणूस त्या दिवशी गाडीत बसलेला असतो आणि जू इतरांच्या खांद्यावर असते. याला 'पुलिंग आउट' म्हणतात. मराठीत 'ओढनिरोप' वगैरे घडवण्यापेक्षा 'जीप ओढून निरोप दिला' असे लिहावे.