पट्टी उतरवून वाजवलेलं मेटल आणि पन्नाशीतले कव्हर बँड

(चर्चेचा धागा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

मंद्र

माझं वय ५४. पुण्यात पाच जणांच्या एका बँडमध्ये दुसरी गिटार वाजवतो. गायक ५६ वर्षांचा, ड्रमर ५१, बाकीचे दोघे पन्नाशीच्या उंबरठ्यावर. ब्लॅक सबाथ, ज्युडास प्रीस्ट, आयर्न मेडन, डिओ असं जुनं हेवी मेटल आम्ही वाजवतो. सगळी कव्हर, म्हणजे इतरांची गाणी, स्वतःचं एकही गाणं नाही. महिन्यातून एखादा कार्यक्रम मिळतो, कधी तोही नाही.

गेल्या महिन्यात एका पबमध्ये सेट संपवून मी केबल गुंडाळत होतो. विशीतला एक मुलगा जवळ आला आणि म्हणाला, "काका, तुम्ही सगळं एक स्वर खाली वाजवता. मूळ पट्टीत जमत नसेल तर जागा तरी अडवू नका." आवाज चढवून बोलला असता तर विसरून गेलो असतो. तो अगदी शांतपणे बोलला, म्हणून जास्त लागलं.

त्याचं निरीक्षण बरोबर आहे. आमच्या गायकाचा आवाज वर जाताना फाटायला लागला, तेव्हा दोन वर्षांपूर्वी आम्ही गिटारी ईवरून डीवर आणल्या. पण पट्टी उतरवणं म्हणजे कमीपणा, हे मला अजिबात मान्य नाही. ब्लॅक सबाथच्या गिटारवाल्या टोनी आयोमीचं उदाहरण घ्या. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात सतराव्या वर्षी त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कापली गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, आणि १९७१ च्या तिसऱ्या अल्बममध्ये गिटार दीड स्वर खाली उतरवली. सैल तारांनी बोटांना आराम मिळाला आणि आवाजाला वजन आलं. आज आपण ज्याला मेटलचा आवाज म्हणतो त्याचं मूळ तिथे आहे.

आणि 'मूळ पट्टी' आम्हाला माहीत तरी कुठे होती? १९८८-८९ साली आमच्याकडे यायची ती कॅसेट कॉपीची कॉपी, तीही बहुतेक तिसऱ्या हातातून आलेली. मित्राचा डेक थोडा वेगाने फिरायचा, त्यामुळे गाणं पाव स्वर वर लागायचं. मग आम्ही गिटार त्या कॅसेटला जुळवायचो. एकेक रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) बसवण्यासाठी बोटाने कॅसेटचं चाक मागे फिरवायचं आणि पुन्हा ऐकायचं, असं दोन-दोन रात्री चालायचं. पुढे दुसऱ्याकडची कॅसेट मिळाली तेव्हा कळलं की आमचं सगळं गाणंच वरच्या पट्टीत बसलंय. ते काय खोटं वाजवणं होतं?

मुंबईत रंगभवनला इंडिपेंडन्स रॉक महोत्सव ऐकायला डेक्कन क्वीनने जाणारी, रात्र सीएसटीवर काढणारी आमची पिढी. हे संगीत आम्हाला कुणी शिकवलं नाही, आम्ही ते मिळवलं. वय वाढलं म्हणून ते खाली का ठेवायचं?

ब्लास्टबीट

मंद्र काका, मी २६ वर्षांचा आहे. आमचा डेथ मेटल बँड आहे, सगळी गाणी आमची स्वतःची. पट्टीचा मुद्दा मला गौण वाटतो, आम्हीसुद्धा बी ट्यूनिंगमध्ये, म्हणजे तुमच्याहूनही खाली वाजवतो. खरा प्रश्न जागेचा आहे.

शहरात मेटलला रात्र देणारी ठिकाणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मालकाला ओळखीची गाणी हवी असतात, कारण ओळखीच्या गाण्यावर लोक थांबतात आणि पितात. आम्ही डेमो घेऊन गेलो की पहिला प्रश्न, "कव्हर किती?" महिन्याची ती एकच रात्र तुम्हाला गेली की आम्ही जॅमरूममध्ये तासाला पैसे भरून चार भिंतींना ऐकवतो.

मेटालिकासुद्धा सुरुवातीला कव्हर वाजवायची, हे उदाहरण कुणीतरी देईलच, म्हणून आधीच सांगतो. मार्च १९८२ च्या त्यांच्या पहिल्या कार्यक्रमात नऊपैकी बहुतेक गाणी इतरांची होती, डायमंड हेड या बँडचीच बरीचशी. पण तेव्हा ती पोरं अठरा-वीस वर्षांची होती आणि पुढच्या वर्षी त्यांचा स्वतःचा अल्बम आला. ती पायरी होती. तुम्ही ३५ वर्षं त्याच पायरीवर उभे आहात, आणि जिना अरुंद आहे.

खयाल

मी मेटल ऐकत नाही, घरात मुलगा ऐकतो. आवाजाबद्दल मात्र अधिकाराने बोलू शकते, २५ वर्षं गाणं शिकवते आहे.

तरुणपणी काळी पाचला गाणारी बाई साठीत काळी तीनला येते. तंबोरे तसे लावून घेते आणि गायला बसते. मैफिलीत कुणी उठून विचारत नाही की बाई, दोन स्वर कुठे गेले. उलट खालच्या पट्टीत खर्ज भरतो आणि शब्द नीट पोचतात. पट्टी गळ्याप्रमाणे ठरते, गळा वयाप्रमाणे. यात लपवण्यासारखं काही नाही.

पण मंद्र, "आवाज फाटतो" हे तुम्ही इतक्या सहज लिहिलंत त्याची काळजी वाटली. पट्टी उतरवणं हा अर्धाच उपाय. तुमचे गायक रोज सकाळी खर्जाचा रियाज करतात का? कार्यक्रमाच्या दिवशी दुपारपासून बोलणं कमी करतात का? छप्पन्नाव्या वर्षी आवाज टिकतो, पण तो आपोआप टिकत नाही. आणि बंदिश तरी कुठे आपली असते? दोनशे वर्षांपूर्वीची चीज आपण आजही गातोच.

ब्लास्टबीट

खयाल ताई, बंदिशीची तुलना इथे लागू होत नाही. बंदिश तेवढी जुनी असते, पुढची बढत गायकाची. कालची बढत आज तशीच गायली तर तुम्हीच नाक मुरडाल. कव्हर बँडवाले सोलोची एकेक जागा रेकॉर्डप्रमाणे वाजवतात आणि त्याचाच अभिमान बाळगतात. यात वाजवणाऱ्याचं स्वतःचं काय?

मंद्र

ब्लास्टबीट, मुद्दा चोख आहे, पण उदाहरण चुकीच्या घरातलं घेतलंस. आमचं नातं बंदिशीशी कमी आणि भावगीताशी जास्त आहे. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात बासरीवाल्याने कडव्यांमधला तुकडा बदलला तर समोरचे लोक अस्वस्थ होतात, कारण तो तुकडा त्यांना तोंडपाठ असतो, तो गाण्याचाच भाग असतो. प्रीस्ट किंवा मेडनचे दोन गिटारींचे सोलो तसेच आहेत. ते रचलेले आहेत, लोक ते गुणगुणतात. आणि ऑर्केस्ट्रावाल्यांना आजवर कुणी विचारलं नाही की तुमची स्वतःची गाणी कुठे आहेत.

ब्लास्टबीट

विचारलं नाही, कारण नव्या संगीतकाराला सिनेमा होता, आकाशवाणी होती, नाटक होतं. ऑर्केस्ट्राने कुणाचं ताट ओढलं नाही. मराठी मुलाने मेटल रचलं तर त्याला त्या पबशिवाय दुसरं दार नाही. हे तुमच्या पिढीला कळायला हवं, कारण रंगभवन बंद पडलेलं तुम्हीच पाहिलंय. आसपास इस्पितळं आणि कॉलेज, शांतता क्षेत्राचा नियम लागला आणि कार्यक्रम थांबले. तेव्हा तुम्हाला जे वाटलं तेच आम्हाला दर महिन्याला वाटतं.

बर्मिंगहॅमकर

मूळचा सांगलीचा, १४ वर्षं बर्मिंगहॅममध्ये. हे संगीत जिथे जन्मलं तिथलं सांगतो.

इथल्या पबमध्ये साठीतले लोक सबाथ आणि प्रीस्टची गाणी वाजवतात आणि समोर त्यांच्या नातवंडांच्या वयाची मुलं उभी असतात. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. ५ जुलै २०२५ ला व्हिला पार्कवर सबाथचा शेवटचा कार्यक्रम झाला. पार्किन्सनमुळे गायक ऑझीला उभं राहता येत नव्हतं, तो सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला. आवाज सगळीकडे पोचत नव्हता, तिथे मैदान गात होतं. १७ दिवसांनी तो गेला, वय ७६. ब्रॉड स्ट्रीटवरच्या सबाथच्या पुलावर मीही फुलं ठेवून आलो. माझ्या शेजारी एक म्हातारा कामगार रडत होता, आमची ओळख ना पाळख, पण त्याने माझा हात धरला. खुर्चीत बसून गाणाऱ्याला त्या गावाने "जागा अडवू नकोस" म्हटलं नाही.

आणि ट्रिब्यूट बँड म्हणजे शेवटचा थांबा असंही नाही. टिम ओवेन्स हा अमेरिकेतल्या ॲक्रनचा, प्रीस्टचीच गाणी गाणाऱ्या बँडमध्ये होता. १९९६ साली प्रीस्टने त्यालाच गायक म्हणून घेतलं.

ब्लास्टबीट

ऑझी स्वतःची गाणी गात होता, दादा. फरक तिथेच आहे. आणि मेडनचा ड्रमर निको मॅकब्रेन बघा. जानेवारी २०२३ मध्ये पक्षाघाताचा झटका आला, तरी सावरून वाजवला, आणि ७२ व्या वर्षी, डिसेंबर २०२४ मध्ये साओ पाउलोला दौऱ्यांना रामराम ठोकला. केव्हा थांबायचं हे त्याला कळलं. मला तो निर्णयही तितकाच मोठा वाटतो.

कानसेन

साउंडचं काम करतो, २२ वर्षं झाली. एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून लिहितो.

वय वाढलं की आधी वरच्या पट्ट्यांचं ऐकू येणं कमी होतं. साउंडचेकला पन्नाशीतला गिटारवाला आला की मी त्याचा हात बघतो. ट्रेबल आणि प्रेझेन्सची बटणं हळूहळू उजवीकडे जातात, कारण त्याला स्वतःला ती धार ऐकू येत नाही. समोरच्या पंचविशीतल्या मुलीच्या कानात मात्र ती सुईसारखी घुसते. मी खाली करायला सांगितलं की राग येतो. तेव्हा ज्येष्ठांना हात जोडून विनंती: आवाज जुळवताना बँडबाहेरच्या एखाद्या तरुण कानावर विश्वास ठेवा.

दुसरं, ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. मेटलच्या स्टेजवर १०० सहज होतं आणि तुमचा सेट ९० मिनिटांचा. संगीतकारांसाठीचे इअरप्लग मिळतात, ते घाला. कापसाच्या बोळ्याने फक्त वरचे स्वर जातात आणि तुम्ही पुन्हा ते बटण फिरवता. हे तरुणांनाही लागू आहे. ब्लास्टबीट, तू घालतोस का?

मांडवीकाठ

पणजीहून. माझे वडील गिटार वाजवायचे, लग्नांत, क्लबांत, चतुर्थीच्या मांडवात. चर्चच्या शाळेत सोल्फा (पाश्चात्य सरगम) शिकलेल्या वादकांच्या मांडीला मांडी लावून वाजवलं आणि सत्तरीपर्यंत वाजवलं. सगळं इतरांचंच. आमच्याकडे वाजवणाऱ्याला वय कुणी विचारत नाही, तालमीला वेळेवर येतो का एवढंच विचारतात.

मला या धाग्यात एका गोष्टीची उणीव दिसते. मंद्र, तुम्ही त्या रात्री किती घेतलेत? राग मानू नका. नोकरी असलेले, निवृत्तीला टेकलेले वादक हौसेखातर जेवण आणि दोन बिअरवर वाजवतात. मालकाला तोच दर ठाऊक होतो. मग वाजवून घर चालवणाऱ्याला तो म्हणतो, "त्या लोकांनी तर काहीच घेतलं नाही." वडिलांच्या शेवटच्या वर्षांत हे मी घरात पाहिलंय. ते क्लबमधून परत यायचे, गिटारची पेटी दारामागे उभी करायचे आणि जेवताना बोलायचे नाहीत. आई समजून जायची की आज पुन्हा दर पाडून मागितला. तुम्ही पट्टी खुशाल उतरवा. दर उतरवू नका.

मंद्र

मांडवीकाठ, खरं सांगतो. पाच जणांत मिळून ६ हजार, शिवाय जेवण. टेम्पोचं भाडं आम्हीच भरलं. दोन कार्यक्रम तर नुसत्या जेवणावर केले, कारण वाजवायला मिळतंय याचाच आनंद होता. हे दुसऱ्या कुणाच्या पोटावर येत असेल असा विचार मी आजवर केला नव्हता. तुमच्या वडिलांचं वाचून काल रात्री झोप लागली नाही.

आज तालमीला हा विषय काढला. दोघे म्हणाले, पैसे मागितले तर आपल्याला कोण बोलावणार. ड्रमर म्हणाला, नाही बोलावलं तर घरी वाजवू. बरंच ताणलं गेलं. शेवटी ठरलं की जेवणावर यापुढे वाजवायचं नाही आणि २० हजारांखाली होकार द्यायचा नाही.

ब्लास्टबीट, तुझ्यासाठीही एक ठरवलं. पुढच्या वेळी आमच्या ९० मिनिटांतली पहिली ३५ तुमची, तुमच्या स्वतःच्या गाण्यांना. पबच्या मालकाने फोनवर नकार दिलाय, त्याला "ओरडणारा बँड" नको. आम्ही दुसरी जागा बघतोय. थांबणार मात्र नाही. निको दौऱ्यांतून निवृत्त झाला, ड्रमवरून नाही.

खयाल ताई, गायकाला तुमचा प्रतिसाद दाखवला. उद्यापासून पहाटे खर्ज लावतो म्हणालाय.

ब्लास्टबीट

काका, ३५ मिनिटं घेतो. आभार. माझं मत बदललेलं नाही, कव्हरच्या रात्री कमी व्हायला हव्यात असंच मला वाटतं आणि स्टेजवरूनही तसं बोलेन. कानसेन, नाही घालत. या आठवड्यात मागवतो.

त्या रात्री बोलला तो मी नव्हतो, पण मी त्याच टेबलावर होतो. तुमची खालची तार जोरात मारली की फ्रेटवर खडखडत होती. तुम्ही बहुतेक अजून जुनाच ९-४२ चा, पातळ तारांचा संच लावता. ईवरून डीवर आलात की त्याच तारेचा ताण साधारण २० टक्क्यांनी कमी होतो, म्हणून ती लोंबते. १०-४६ चा थोडा जाड संच लावा, ताण जवळजवळ पूर्वीइतका येईल. जाड तार नटच्या (गिटारच्या मानेच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचेत अडकली तर खाच बारीक कानशीने किंचित रुंद करून घ्या, आणि ब्रिजवर इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरचे सूर, पुन्हा जुळवा, नाहीतर बाराव्या फ्रेटवर बेसूर लागेल. रविवारी गिटार आमच्या जॅमरूमवर घेऊन या, माझ्याकडे कानशी आहे.