साधना चालू आहे, तरी मन उदास: तुमचे अनुभव सांगा

सांजवेळ:
काल मैत्रिणीचा मेसेज आला, "रोज नाम घेते, तरी रडू येतं. माझंच काही चुकतंय का?" आणि अनुग्रहानंतरचे, म्हणजे गुरूंकडून नाम घेतल्यानंतरचे, माझे दिवस आठवले. पहिले काही महिने नुसता आनंद. मग एकदा जप करताना माळ हातात तशीच थांबली, डोळे भरून आले, कारण सापडेना. त्याहून जड गेलं ते कुणाला सांगता न येणं. घरचे म्हणणार, आता तुला कसलं दुःख? गुरुबंधूंसमोर तर चेहरा हसराच ठेवायचा. तुम्ही यातून कसे गेलात?

पायवाट:
पतंजलींची योगसूत्रं १.३० आणि ३१ बघ. संशय, आळस असे नऊ अंतराय, म्हणजे साधनेतले अडथळे, सांगितलेत आणि त्यांच्या सोबतीला दुःख, दौर्मनस्य म्हणजे मनाची उदासी. ही यादी साधकासाठीच आहे ना! वाचून केवढा धीर आला मला. पुढच्याच सूत्रात उपायही आहे, एकच तत्त्व धरून अभ्यास. मी तेव्हा फक्त श्वास धरला, बाकी सगळं बाजूला.

मोकळं_आभाळ:
+१. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये छापून आली, त्यात कितीतरी वर्षांचा आतला अंधार आहे. काम मात्र थांबलं नाही.

ओलीमाती:
आई गेली तेव्हा सत्संगात जो तो म्हणे, आत्मा अमर आहे. मान्य, पण मला आईचा आवाज हवा होता हो. एक ज्येष्ठ ताई मात्र काही न बोलता शेजारी बसून राहिल्या. मला सावरलं ते त्यांनी.

सांजवेळ:
ओलीमाती, गलबलून आलं गं. अशा ताई सगळ्यांना भेटोत.

दूरचा_दिवा:
दोन आठवड्यांच्या वर झोप, भूक, कामातलं लक्ष गेलेलं असेल तर डॉक्टरांना दाखवाच. "श्रद्धा कमी पडली" असं म्हणणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. माझ्या गोळ्या आणि ध्यान दोन्ही चालू होतं. आणि मौन शिबिराच्या फॉर्मवर आजार, औषधं खरी लिहा, कळकळीने सांगतोय. दिवसचे दिवस गप्प बसल्यावर जुनं सगळं वर येतं.

ओलीमाती:
बरं झालं लिहिलंत. बाळ उठलंय, नंतर येते.

नवी_वाट:
जरा वेगळं विचारते, गुडघे दुखतात. खुर्चीवर बसून ध्यान केलं तर चालतं का?

पायवाट:
अगदी चालतं. पाठ ताठ, पावलं जमिनीला टेकलेली. मीही तसंच बसते.