थार: साधी की रॉक्स? (फोंडा, बजेट १४ लाख)

फोंडेकर: थार घ्यायची हे नक्की. तीन दारांची साधी की पाच दारांची रॉक्स, एवढंच ठरत नाही. आम्ही दोघं, आठवीतली मुलगी आणि आई (७१, गुडघे दुखतात). रोज फोंडा-पणजी, महिन्यातून एकदा वाळपईकडे मूळ घरी. सगळं धरून १४ लाख, वर एक रुपया नाही. फक्त दारांबद्दल सांगा.

डिचोलीचा_दादा: रॉक्स. विषय संपला. वरच्या पैशांकडे बघू नकोस, डिझेल फोर बाय फोर घे. माझी चोर्ला घाट अशी चढते की बायको झोपलेली असते.

फोंडेकर: १४.

माटोळी: आमच्याकडे साधी आहे, चार वर्षं झाली. मागे जायचं म्हणजे पुढची सीट दुमडा, पाय उचला, मान वाकवा. गेल्या चवथीला सासूबाईंना मागे बसवायला गेलो. त्या अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर, साडीचा काठ सीटच्या खटक्यात अडकलेला, हातात माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळांच्या चौकटीसाठी, घेतलेला सुपारीचा घोस. घोस काही सोडेनात. शेवटी शेजारीण येऊन काठ सोडवून गेली. परतीला त्या कदंबाच्या बसने गेल्या. रॉक्स घ्या.

म्हापसा_६८: कुठलीच घेऊ नका. खाजगी गाडीची पांढरी नंबरपाटी कोण बघतो? लोक तुम्हाला भाड्याची गाडी घेतलेला पर्यटकच समजणार.

शापोरा: @म्हापसा_६८ भाड्याच्या गाडीची पाटी काळी, आकडे पिवळे. बघणाऱ्याला कळतं.

म्हापसा_६८: किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे, तरी घालतात. त्यांना पाटी कळते का?

शापोरा: मी घातली होती एकदा, लपवत नाही. साधी थार, टप उघडा, मित्रांसमोर शायनिंग. चाकं रुतली, भरती चढत होती, ट्रॅक्टरवाल्याने तोंडाला येईल तो भाव सांगितला. वर दंड. पण उघड्या टपाची मजा रॉक्समध्ये नाही, तिला कापडी टप येतच नाही.

कुळागर: मोजमाप कोणीच बोलत नाही. साधी ३९८५ मिमी, रॉक्स ४४२८. जवळजवळ दीड फूट फरक. आमची शेड आतून साडेचौदा फूट. रॉक्स आणली, पुढचा बंपर भिंतीला टेकवला, तरी शटर स्टेपनीवर अडकतं. शिवाय मागचं दार बाजूला उघडतं, म्हणून मागेही जागा सोडावी लागते. आधी टेप घेऊन शेड मोजा.
दुसरं, चार मीटरच्या आत आणि दीड लिटर डिझेल, म्हणून साध्या थारच्या त्या मॉडेलला सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के. रॉक्सला ४०. १४ लाखांत हा फरक दिसतो.

डिचोलीचा_दादा: शेड वाढवा.

जांभा: मारुतीची जिमनी बघा. तीही ३९८५च, पण दारं पाच.

माटोळी: जिमनीत डिझेल कुठे आहे? आणि ते थार विचारताहेत हो. रॉक्सच घ्या, मागे आई आरामात बसतील.

दिवाडकर: माझा भाऊ दुबईत मस्टँग चालवतो. दोनच दारं. तक्रार नाही.

कुळागर: तुमच्या भावाची आई मागे बसते का?

जांभा: आईंनाच शोरूमला न्या, चढायला लावा. इथे विचारून काय उपयोग.

फोंडेकर: काल नेलं. पायदानावर पाय ठेवून दोन्हींत पुढे नीट चढली. रॉक्सचं मागचं दार मी उघडून धरलं, तर म्हणाली, "मागे मी कधी बसलेय? मागे तुझी बायको बसेल." मुलीला उघडा टप हवा होता, तो हट्ट मोडला, हार्ड टॉपच. शेड मोजली, चौदा फूट. साधी थार, दीड लिटर डिझेल, बुक केली.

डिचोलीचा_दादा: मग विचारलंस कशाला रे?

माटोळी: आणि बायको काय म्हणाली?

फोंडेकर: ती कालपासून स्कूटरची ब्रोशरं बघतेय.