स्कायवॉर्न डेसाठी बाल्कनीतून १० मीटर : अँटेना कोणती लावू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी डॅलसजवळ अपार्टमेंटमध्ये राहतो, हॅम रेडिओचं (हौशी रेडिओ) टेक्निशियन, म्हणजे सुरुवातीच्या पातळीचं, लायसन्स आहे. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी स्कायवॉर्न रेकग्निशन डे असतो, त्यात यंदा भाग घ्यायचाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : वादळं, गारा, टोर्नेडो डोळ्यांनी पाहून कळवणाऱ्या स्वयंसेवकांचे आभार म्हणून अमेरिकेची नॅशनल वेदर सर्व्हिस आणि एआरआरएल (तिथली हौशी रेडिओवाल्यांची संघटना) १९९९ पासून हा दिवस साजरा करतात. वेदर ऑफिसांतल्या रेडिओ स्टेशनांशी बोलायचं. कॉलसाइन (लायसन्सवरचं रेडिओ-नाव), सिग्नल रिपोर्ट (आवाज कसा येतोय ते), ठिकाण आणि एक-दोन शब्दांत तुमच्याकडचं हवामान सांगायचं. स्पर्धा नाही, त्यामुळे घाई नाही. मला तेच आवडलं.

इथल्या ऑफिसशी २ मीटर बँडच्या रिपीटरवरून (सिग्नल पुढे पाठवणारं स्टेशन) बोलणं होईल, त्याची काळजी नाही. पण लांबची ऑफिसंही हवीत, आणि एचएफवर (लांब पल्ल्याच्या शॉर्टवेव्ह बँडांवर) आवाजी बोलायला माझ्या लायसन्सला फक्त २८.३ ते २८.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे १० मीटर बँडचा एक तुकडा. मोर्स येत नाही. डायपोल (मधून जोडलेली दोन तारांची आडवी अँटेना) साधारण ५ मीटरचा होतो, बाल्कनी जेमतेम ३ मीटर. टोकं खाली वाकवली तर कितपत चालेल? की अडीच मीटरचा व्हर्टिकल (उभी अँटेना) आणि रेलिंगवरून रेडियल (तिच्या बुडाशी जोडायच्या तारा) बरे? रेलिंग लोखंडी आहे. सोसायटीवाले कटकटे, म्हणून रात्री उतरवता येईल असंच काहीतरी सुचवा.

शिवाय वेळ शुक्रवारी संध्याकाळी ६ ते शनिवारी संध्याकाळी ६. अंधार पडल्यावर १० मीटर बँड बहुधा झोपलेलाच (लांबचं काही ऐकू न येणारा) असणार, म्हणजे शनिवारची सकाळच धरू ना? बाल्कनीतून एचएफ केलेल्यांनी कृपया सांगा.