जुनी ३०० एमएम लेन्स घ्यावी का? फोकसची मोटार गेली तर पार्ट मिळत नाही म्हणतात

येरळाकाठ (सातारा):
नमस्कार मंडळी. माझा कॅमेरा निकॉन डी७२००. हिवाळ्यात दर रविवारी पक्ष्यांचे फोटो काढायला मायणीला नाहीतर येरळवाडीला जातो. आजवर १८-१४० लेन्सवर भागवलं, पण तिच्यात रोहित पक्षी तांदळाच्या दाण्याएवढे येतात.

कराडच्या एका काकांकडे एएफ-एस (म्हणजे फोकसची मोटार लेन्सच्या आतच) ३०० एमएम एफ/४डी लेन्स आहे. २४ हजार म्हणतात. काच स्वच्छ दिसली. फोकस करताना पहिल्या दोन-तीन वेळा बारीक ‘चीं’ आवाज आला, मग थांबला. थंडीमुळे होतं, वापरात आली की मोकळी होते, असं काका म्हणाले. पुण्यात एका रिपेअरवाल्याला फोन केला, तर या लेन्सची मोटार आता मिळत नाही असं कळलं. आठ महिने साठवलेले पैसे आहेत. घेऊ का?

मिरज८५:
नको. थोडं थांब, अजून पैसे जमव आणि सेकंडहँड २००-५०० लेन्स घे. वजन दोन किलोच्या वर आहे, पण कंपन कमी करायची सोय मिळते आणि लेन्स त्या मानाने नवी.

गावभागकर (सांगली):
भावा, तो आवाज थंडीचा नाही. या मोटारीत दात्यांची चाकं नसतात. एक कडी विजेवर थरथरते आणि तिच्यावर दाबून बसवलेली दुसरी कडी त्या थरथरीने सरकते. घासणारी जागा खराब झाली की आधी चिवचिवतं, मग अडखळतं, मग एके दिवशी गप्प. काही लेन्स चिवचिवत वर्षानुवर्षं चालतात, तुझी किती चालेल ते कोणी सांगू शकणार नाही.

माझा अनुभव सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात माझ्या स्टुडिओत छातीएवढं पाणी होतं. खालच्या कप्प्यात दोन लेन्स बुडाल्या. एक जुनी ८०-२०० एफ/२.८डी, जिला कॅमेऱ्यातली मोटार फिरवते, आणि दुसरी एएफ-एस १७-३५, जिची मोटार तिच्याच पोटात. दोन्हींच्या कडीवरच्या रबराखाली पिठासारखा गाळ बसला होता. ८०-२०० उघडली, धुतली, वाळवली, नवं ग्रीस लावलं. आजही लग्नात तीच वापरतो. १७-३५ सर्व्हिस सेंटरमध्ये चार महिने पडून राहिली आणि ‘पार्ट उपलब्ध नाही’ अशी चिठ्ठी चिकटून परत आली. मग बुरशी लागलेली तशीच दुसरी लेन्स घेतली आणि तिची मोटार काढून हिच्यात बसवली. सात महिन्यांत तीही चिवचिवायला लागली. तिचं वय तेवढंच, दुखणंही तेच. म्हणून ‘दुसऱ्या लेन्सची मोटार काढून घालू’ या भरवशावर घेऊ नकोस.

तुझी जमेची बाजू म्हणजे डी७२००. तिच्या माउंटच्या (लेन्स बसवायच्या जागेच्या) कडेला स्क्रूड्रायव्हरच्या टोकासारखी छोटी दांडी दिसेल, ती जुन्या एएफ (ऑटोफोकस) लेन्स फिरवते. डी३०००, डी५००० मालिकेत ती नाही. तेव्हा एएफ-एसच्या आधीची एएफ ३०० एफ/४ मिळते का बघ. उडत्या पक्ष्यामागे ती हळू पडते, हे खरं. पण मोटार गेलीच तर ती कॅमेऱ्याची जाईल, आणि कॅमेरे बाजारात ढिगाने आहेत. घेताना मागचा ३९ एमएम फिल्टरचा खण उघडून बघ. तो फिल्टर लेन्सच्या रचनेचाच भाग आहे, गायब असेल तर सोडून दे.

काकांचीच घ्यायची असेल तर मोटार गेली असं धरून भाव कर. हाताने फोकस बहुतेक वेळा तरीही होतो, मात्र कडी फिरवून ती जड जात नाही ना ते बघ. परत जाशील तेव्हा लेन्स रात्रभर न वापरलेली असू दे. जवळून अनंतापर्यंत (अगदी लांबपर्यंत) वीस वेळा फोकस फिरव. मागून टॉर्च मारून आतली काच बघ, कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी. स्क्रूची डोकी खरवडलेली असतील तर ती आधी उघडलेली आहे. आणि रबर जरा उचलून बघच. पुरात बुडालेल्या दुसऱ्यांच्या दोन लेन्स मी स्वतः एका दुकानात ‘घरगुती वापर’ म्हणून विकायला ठेवलेल्या पाहिल्यात.

येरळाकाठ:
दादा, काल सकाळी पुन्हा गेलो. रबराखाली काही नव्हतं, स्क्रू चांगले होते, टॉर्चमध्येही काच स्वच्छ. पण अकराव्या फेरीला फोकस मधेच अडकला. काकांनी स्वतः पाहिलं. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, मला खरंच माहीत नव्हतं, तूच भाव सांग.

गावभागकर:
माणूस सरळ दिसतोय. हाताने कडी मऊ फिरते का?

येरळाकाठ:
हो, एकदम मऊ. १२ हजारांत घेतली.

आज येरळवाडीला बटण एम वर (हाताने फोकस) ठेवून बसलो होतो. रोहित डोकं पाण्यात घालून संथ चालतात, त्यामुळे कडी फिरवायला वेळ मिळतो. कॅमेऱ्याच्या बघायच्या खिडकीत खाली फोकस जुळल्याचा ठिपका लागला की दाबायचं. उडाले तेव्हा एकही फोटो जमला नाही. चरतानाचे नऊ चांगले आलेत, एकात चोचीवरून गळणारं पाणीसुद्धा सुटं दिसतंय. उरलेले १२ हजार त्या जुन्या एएफसाठी बाजूला ठेवलेत. सांगलीकडे कुणाकडे दिसली तर कळवा, फिल्टरचा खण उघडून बघूनच.